घटनास्थळ, पुरावा आणि वाक्य

१

गुन्ह्याच्या तपासात भौतिक पुराव्याला गेल्या सव्वाशे वर्षांत जे स्थान प्राप्त झाले आहे, त्याचे विवेचन मुख्यतः रसायनशास्त्र, वैद्यक आणि विधिशास्त्र या तीन शास्त्रांच्या अंगाने झालेले आहे. भाषेच्या अंगाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले, आणि याचे कारण उघड आहे. रक्ताचा डाग, बोटाचा ठसा, काचेचा तुकडा, कपड्याला चिकटलेला धागा या साऱ्या वस्तू आहेत. त्यांचा भाषेशी संबंध तो काय, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटावे. परंतु थोडा विचार करता असे दिसून येते की, न्यायालयापुढे डाग कधीच एकटा येत नाही. तो वाक्याच्या सोबतीने येतो. मोहोरबंद केलेला सदरा मुद्देमाल म्हणून न्यायाधीशापुढे ठेवला जातो हे खरे. परंतु तो कोठे सापडला, कोणी उचलला, कोणाच्या समक्ष बांधला, त्यावरील डाग कशाचा ठरला आणि तो तसा ठरल्याने काय सिद्ध झाले, ही सर्व माहिती शब्दांतूनच यावी लागते. सदरा स्वतः यांपैकी काहीही सांगत नाही.

वस्तू आणि न्यायनिर्णय यांच्यामध्ये अशी निदान तीन वाक्ये उभी असतात. पहिले पंचनाम्याचे : अमुक ठिकाणी अमुक दिसले. दुसरे तज्ज्ञाचे : जे दिसले ते अमुक प्रकारचे आहे, अथवा अमुक नमुन्याशी जुळते. तिसरे न्यायाधीशाचे : म्हणून अमुक घडले. पहिल्याचे क्रियापद 'दिसणे' हे आहे, दुसऱ्याचे 'जुळणे', तिसऱ्याचे 'ठरणे'. न्यायसहायक विज्ञानाच्या मूलभूत संकल्पना म्हणजे या तीन क्रियापदांच्या मर्यादा होत, आणि या शास्त्राच्या इतिहासातील अनेक मोठ्या चुका एका वाक्याने दुसऱ्याचे क्रियापद उचलल्यामुळे झालेल्या आहेत. प्रस्तुत निबंधात या विधानाची चिकित्सा करावयाची आहे.

प्रारंभी परिभाषेविषयी एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. ज्या लॅटिन शब्दावरून या शास्त्राचे पाश्चात्त्य नाव सिद्ध झाले, त्याचा अर्थ सार्वजनिक चौक, म्हणजे जेथे चारचौघांसमक्ष वाद चालत ती जागा. मराठीत महाराष्ट्र शासनाने आपल्या प्रयोगशाळांना 'न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा' असे नाव दिले. हे भाषांतर नाही, व्याख्या आहे. आणि मूळ शब्दाहून ती अधिक नेमकी आहे. 'सहायक' या पदाने अधिकाराची सीमा आखली गेली. न्याय करणारा निराळा, साहाय्य करणारा निराळा. इ. स. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने तज्ज्ञाच्या कथनाला 'मत' म्हटले होते, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते मतच राहिले आहे. व्यवहारात मात्र 'सीए रिपोर्ट आला' या तीन शब्दांनी पुष्कळदा साऱ्या चर्चेला पूर्णविराम मिळतो. परिभाषेने जी मर्यादा घातली, ती बोलीने उचलून टाकावी, यातच या विषयाचे गांभीर्य आहे.

२

भौतिक पुराव्याविषयी सर्वांत लोकप्रिय झालेली उपमा म्हणजे 'मूक साक्षीदार' ही होय. कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॉल कर्क याने इ. स. १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या कल्पनेला जे रूप दिले, ते पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत शिरले. माणूस विसरतो, घाबरतो, खोटे बोलतो. वस्तू यांतले काहीच करीत नाही. चूक होते ती केवळ वस्तूचा अर्थ लावणाऱ्याची, असा त्या कल्पनेचा आशय आहे. कबुलीजबाब मिळविण्यासाठी देहदंडापर्यंत मजल जाणाऱ्या तपासपद्धतीला पर्याय म्हणून या कल्पनेने मोठे कार्य केले आहे, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. तथापि संकल्पना म्हणून ती तपासून पाहता सदोष ठरते.

साक्षी कोणास म्हणावे? पाणिनीने साक्षात् पाहणाऱ्याच्या अर्थी हा शब्द सिद्ध केला आहे. पाहणे ही चेतनाची क्रिया आहे. सुऱ्याने खून पाहिलेला नसतो. सुऱ्यावर काही उमटलेले असते, इतकेच. ज्याने पाहिलेले नाही त्याला मूक म्हणणेही सयुक्तिक नाही, कारण मूक तोच की ज्याच्याजवळ सांगण्यासारखे आहे परंतु वाचा नाही. या उपमेने एक गैरसमज नकळत पसरतो : वस्तूच्या पोटी एक तयार वाक्य आहे, तज्ज्ञ केवळ ते बाहेर काढतो. वस्तुतः वाक्य तज्ज्ञाने रचलेले असते आणि त्याची जबाबदारी संपूर्णतः त्याच्यावर असते. अर्थ लावणाऱ्याची 'केवळ' चूक होते असे म्हणून भागत नाही, कारण अर्थ लावल्यावाचून पुरावा हा पुरावाच होत नाही.

भारतीय तर्कपरंपरेत यासाठी अधिक चांगला शब्द उपलब्ध आहे, आणि तो म्हणजे 'लिंग'. पर्वतावर दिसणारा धूर हा अग्नीचा साक्षी नव्हे. तो अग्नीचे लिंग, म्हणजे गमक चिन्ह होय. लिंग पाहिल्याने ज्ञान होते, परंतु व्याप्तीचे स्मरण झाल्यावरच होते. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, हा नियम ज्यास ठाऊक नाही त्याला धूर दिसून काही उपयोग नाही. आणि ज्याने हा नियम पारखून घेतला नाही, त्याने काढलेले अनुमान हेत्वाभास ठरण्याचा संभव आहे. साक्षीदाराला खरे-खोटे विचारावयाचे असते. लिंगाविषयी विचारावयाचा प्रश्न निराळा, तो व्याप्तीचा.

या भेदाचे महत्त्व प्राचीन ग्रंथातील एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात आकस्मिक मृत्यूच्या परीक्षेचे एक प्रकरण आहे. मुंबई विद्यापीठाने इ. स. १९६० मध्ये प्रकाशित केलेल्या र. पं. कंगले यांच्या संशोधित आवृत्तीमुळे त्याचा पाठ अभ्यासकांस सुलभ झाला. प्रेताला तेल लावून परीक्षा करावी, गळा आवळल्याच्या, बुडाल्याच्या व विषबाधेच्या खुणा ओळखाव्यात, आधी मारून मग टांगलेला मनुष्य आणि स्वतः फास घेतलेला मनुष्य यांत भेद करावा, अशी त्यात सांगितलेली दृष्टी विलक्षण आधुनिक आहे. परंतु त्याच प्रकरणात असेही सांगितले आहे की, मृताच्या हृदयाचा अंश अग्नीत टाकला असता चिटचिट आवाज झाला किंवा इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर विषप्रयोग जाणावा. पहिल्या प्रकारची लिंगे निरीक्षणावर उभी आहेत. या दुसऱ्या लिंगाची व्याप्ती कोणी पारखून पाहिली होती असे त्या ग्रंथावरून दिसत नाही. दोन्ही विधानांची वाक्यरचना मात्र एकच आहे. वाक्याच्या ठामपणावरून त्याच्या आधाराचे बळ ओळखता येत नाही, हा धडा तेव्हा होता तसा आजही आहे.

३

आधुनिक तपासशास्त्राचा पाया ऑस्ट्रियातील दंडाधिकारी हान्स ग्रोस याने इ. स. १८९३ च्या आपल्या मार्गदर्शक ग्रंथाने घातला. या ग्रंथाचे हिंदुस्थानातील परिस्थितीस जुळवून घेतलेले इंग्रजी रूपांतर इ. स. १९०६ मध्ये मद्रासेस प्रसिद्ध झाले, ही गोष्ट आपल्याकडील तपासपद्धतीच्या इतिहासात लक्षणीय आहे. ग्रोसनंतर एदमाँ लोकार याने इ. स. १९१० मध्ये लियाँ येथील न्यायमंदिराच्या माळ्यावरील दोन खोल्यांत प्रयोगशाळा उघडली. 'प्रत्येक स्पर्श आपली खूण मागे ठेवतो' हे सूत्र त्याच्या नावावर सांगितले जाते. हे शब्द या रूपात त्याचे नाहीत. गुन्हेगारी कृत्यात अभिप्रेत असलेल्या आवेगाने वागणाऱ्या मनुष्याला आपल्या वावराच्या अनेक खुणा न ठेवता वागणे शक्य नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. मूळ विधान आवेगाच्या अटीने मर्यादित होते. सूत्राने ती अट गाळून त्याला निरपवाद केले.

न्यायशास्त्राच्या परिभाषेत या सूत्राची तपासणी केली असता त्याचे स्वरूप चटकन ध्यानात येते. स्पर्श हा अग्नी मानला व खूण हा धूर मानला, तर 'जेथे स्पर्श तेथे खूण' हे विधान 'जेथे अग्नी तेथे धूर' याच्या जातीचे आहे, आणि नैयायिकांनी हीच व्याप्ती सदोष म्हणून दाखवून दिली आहे. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघण्यास ओले इंधन लागते. तो उपाधी होय. तद्वत् स्पर्शाची खूण उमटण्यास, टिकण्यास व सापडण्यास पृष्ठभाग, हवामान, गेलेला काळ आणि शोधणाऱ्याचे साधन हे उपाधी लागतात. म्हणून खूण सापडली नाही एवढ्यावरून स्पर्श झालाच नाही असे अनुमान निघत नाही. तपासाला दिशा देणारे व्यवहारसूत्र म्हणून लोकारचे तत्त्व अमोल आहे. घटनास्थळाला दोरी बांधून माणसांची ये-जा थांबविणे, प्रत्येक वस्तू वेगळ्या वेष्टनात ठेवणे, ती कोणाकडून कोणाकडे गेली याची अखंड नोंद राखणे, हे सर्व नियम त्याच्यापासूनच निघाले. तपास करणाऱ्याचा स्वतःचा स्पर्शही खूण ठेवतो, ही जाणीव त्यानेच दिली. परंतु अनुमानाची व्याप्ती म्हणून ते उलट दिशेनेच उपयोगी आहे : खुणेवरून स्पर्शाकडे.

त्या दिशेनेही वाट दोन टप्प्यांची आहे. खुणेवरून स्पर्श, आणि स्पर्शावरून गुन्हा. पहिला टप्पा प्रयोगशाळेचा आहे. दुसऱ्यावर प्रयोगशाळेचा काहीएक अधिकार नाही. हा भेद या देशातील एका जुन्या न्यायालयाने फार लवकर ओळखला होता. कलकत्त्यास इ. स. १८९७ मध्ये अंगुलिमुद्रांचे कार्यालय स्थापन झाले. एडवर्ड हेन्री याच्या नावाने जगभर गेलेल्या वर्गीकरणपद्धतीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा वाटा मोठा होता. त्याच सुमारास जलपैगुडी जिल्ह्यातील एका चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. मृताच्या सामानातील एका बंगाली पंचांगावर तपकिरी डाग होते. त्यांतील एक उजव्या अंगठ्याचा ठसा निघाला आणि तो मृताच्या कंगाली चरण नावाच्या जुन्या नोकराच्या, आधीच्या शिक्षेमुळे कार्यालयात जतन असलेल्या ठशाशी जुळला. इ. स. १८९८ मध्ये त्याला चोरीबद्दल शिक्षा झाली, खुनाच्या आरोपातून मात्र तो सुटला. ठशाने त्याचा हात पंचांगापर्यंत नेला होता. गळ्यापर्यंत नेण्यास निराळा पुरावा हवा होता. हा निकाल अनेकांना गुळमुळीत वाटला असेल, परंतु 'जुळणे' आणि 'ठरणे' यांतील अंतर त्याने राखले.

४

आता पहिल्या वाक्याकडे, म्हणजे पंचनाम्याकडे वळणे योग्य होईल. 'पंच' हे येथील, 'नामा' हे फारसी. जाहीरनामा, करारनामा यांच्याच घडणीचा हा संकरसमास आहे. पाच माणसांचा अर्थ त्यातून केव्हाच गळून गेला. झडतीच्या वेळी दोन अथवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत एवढीच कायद्याची अपेक्षा असते. पंचनामा हा स्वतः मुख्य पुरावा नव्हे. पंचाने न्यायालयात येऊन जे सांगावे, त्याला आधार म्हणून त्याचा उपयोग होतो. तरीसुद्धा घटनास्थळ पुसले गेल्यावर, भिंत रंगविली गेल्यावर, पंच गाव सोडून गेल्यावर जे शिल्लक उरते ते हेच लेखन असते. म्हणून त्यातील प्रत्येक विशेषणाला महत्त्व आहे.

पंचनाम्याची भाषा रुक्ष असते, सदरहू-मजकूरच्या ओझ्याने वाकलेली असते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती तक्रार साहित्यदृष्टीची आहे. खरा दोष रुक्षतेत नाही. तो असेल तर कृदन्तांत आहे. 'खुनात वापरलेला सुरा', 'झटापटीत फाटलेला सदरा', 'दरवाजा तोडून आत शिरलेल्या इसमाच्या पायांचे ठसे', या रचना पाहाव्यात. मराठीत भूतकालवाचक धातुसाधित विशेषण नामाच्या आधी येऊन बसते आणि एक संपूर्ण विधान गृहीत म्हणून वाक्यात घुसवते. 'हा सुरा खुनात वापरला गेला' असे कोणी म्हटले तर 'कशावरून?' असा प्रश्न उभा राहतो. 'खुनात वापरलेला सुरा जप्त केला' असे म्हटले की, प्रश्न जप्तीपुरताच उरतो. वापर ही गोष्ट विशेषणाच्या आडून सिद्ध झाल्यासारखी पुढे सरकते. व्याकरणदृष्ट्या जे विधेय असावयास हवे, ते उद्देश्याचा भाग बनलेले असते.

विधिशास्त्राने या धोक्याची दखल घेतली आहे, आणि तीही जवळजवळ वाक्यविश्लेषणाच्या रीतीने. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर त्या सांगण्याचा कोणता भाग ग्राह्य धरावा, हा प्रश्न पुलुकुरी कोट्टया खटल्यात इ. स. १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. 'घराच्या आढ्यात लपविलेला सुरा काढून देतो' एवढे कथन ग्राह्य. 'ज्याने मी अमक्याला भोसकले तो सुरा' यांतील भोसकल्याचा अंश अग्राह्य, असा त्या निर्णयाचा आशय आहे. सापडलेले तथ्य म्हणजे सुरा नव्हे, तर तो तेथे होता आणि आरोपीला ते ठाऊक होते, हे होय. न्यायालयाने येथे संबंधी उपवाक्य मुख्य वाक्यापासून कापून वेगळे केले. निवेदन पंचनाम्याच्या मराठी मसुद्यात हेच उपवाक्य 'भोसकलेला' या एका शब्दात आकसून बसलेले असले, तर कात्री तितक्या सहज चालत नाही.

याच्या उलट, पंचनाम्याच्या परंपरेत एक अतिशय शास्त्रशुद्ध शब्दप्रयोगही रूढ आहे : 'रक्तासारखे लालसर डाग'. नवख्या वाचकाला हे 'सारखे' भित्रेपणाचे वाटते. प्रत्यक्षात त्या एका शब्दयोगी अव्ययात निरीक्षण आणि परीक्षण यांमधील सीमा सांभाळलेली आहे. डोळ्याला लाल रंग दिसतो, रक्त दिसत नाही. तेथून पुढे प्रयोगशाळेत एकेक नाम कमवावे लागते. फिनॉल्फ्थॅलीनच्या चाचणीत गुलाबी रंग आला तर रक्त असण्याचा संभव दिसतो, परंतु काही भाजीपाल्यांतील द्रव्येही तोच रंग देतात. म्हणून निश्चितीची दुसरी चाचणी करावी लागते आणि मगच 'रक्त' हा शब्द वापरता येतो. ते मानवाचे की पशूचे, हे सांगण्याचे साधन पॉल उलेनहुथ याने इ. स. १९०१ मध्ये दिले. जलपैगुडीच्या पंचांगावरील डागाला त्यापूर्वी सस्तन प्राण्याचे रक्त एवढेच म्हणता आले, याचे कारण हेच. त्याच वर्षी कार्ल लँडस्टायनर याने रक्तगट वर्णन केले, आणि 'मानवी रक्त' याला 'ब गटाचे' हे विशेषण लावता येऊ लागले. इ. स. १९८४ मध्ये लेस्टर येथे अ‍ॅलेक जेफ्रीज याने डीएनएच्या साहाय्याने व्यक्तिभेद ओळखण्याची पद्धत शोधून काढली. लाल डाग, रक्त, मानवी रक्त, ब गटाचे मानवी रक्त, अमुक रचनेचा डीएनए असलेले रक्त, अशी ही शिडी आहे. जो पायरी चढलेला नाही त्याने वरच्या पायरीचे नाम वापरू नये, हा न्यायसहायक विज्ञानाचा पहिला नियम म्हणता येईल. आणि तो मूलतः शब्दप्रयोगाचा नियम आहे.

५

तज्ज्ञाच्या वाक्यातील मध्यवर्ती प्रश्न वर्ग आणि व्यक्ती यांच्या भेदाचा आहे. जोड्याचा तळ आठ नंबरचा व नागमोडी नक्षीचा आहे हे वर्गलक्षण. त्याच तळाला अमुक ठिकाणी पडलेली चीर हे त्या एका जोड्याचे लक्षण. वर्गलक्षण न जुळल्यास नकार निश्चित देता येतो. जुळल्यास होकार केवळ संभाव्य असतो. नकार आणि होकार यांचे बळ असे विषम आहे. जेफ्रीजच्या पद्धतीचा गुन्हेतपासातील पहिला मोठा उपयोग एका तरुणाला सोडविण्यासाठी झाला, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. लेस्टरशायरमधील दोन मुलींच्या खुनांपैकी एकाची त्याने कबुली दिलेली होती. डीएनएने ती खोटी ठरविली, आणि खऱ्या गुन्हेगाराला इ. स. १९८८ मध्ये शिक्षा झाली. कबुलीचे वाक्य असत्य आणि नकाराचे वाक्य सत्य ठरल्याचे याहून बोलके उदाहरण क्वचित सापडेल.

वर्गाकडून व्यक्तीकडे जाताना मराठी वाक्यात जो बदल होतो तो एका अक्षराचा आहे. 'हा ठसा आरोपीच्या ठशाशी जुळतो' आणि 'हा ठसा आरोपीचाच आहे' या वाक्यांतील सारे अंतर त्या 'च'ने व्यापलेले आहे. संस्कृतातील 'एव' या निपाताच्या अवधारणार्थाची शास्त्रकारांनी जी त्रिविध व्यवस्था लावली, ती येथे थेट उपयोगी पडते. 'शंख पांढराच असतो' यात शंखाला पांढरेपणा नाही ही शंका दूर होते, हा अयोगव्यवच्छेद. 'पार्थच धनुर्धर' यात पार्थावाचून अन्य कोणी तसा धनुर्धर नाही असे सांगितले जाते, हा अन्ययोगव्यवच्छेद. 'कमळ निळे असतेच' यात निळे कमळ मुळीच नसते असे नाही, एवढेच अभिप्रेत असते, हा अत्यंतायोगव्यवच्छेद. दोन ठसे शेजारी ठेवून पाहणाऱ्या तज्ज्ञाला पहिल्या प्रकारचे अवधारण करण्याचा अधिकार आहे : या ठशात आरोपीच्या ठशाची लक्षणे आहेतच. दुसऱ्या प्रकारासाठी जगातील इतर सर्व बोटांविषयी काही ठाऊक असावे लागते, आणि ती बोटे त्याने पाहिलेली नसतात.

इ. स. २००४ मधील माद्रिदच्या रेल्वेगाड्यांतील स्फोटांनंतर हे अंतर एका निरपराध मनुष्याला भोगावे लागले. स्फोटकांशी संबंधित पिशवीवर सापडलेला ठसा अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील एका वकिलाचा आहे, असे तेथील केंद्रीय तपाससंस्थेच्या अनुभवी परीक्षकांनी शंभर टक्के निश्चितीने सांगितले. न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही त्यास दुजोरा दिला. स्पेनच्या पोलिसांना हे साम्य पटलेले नव्हते. त्यांनी पुढे तो ठसा एका अल्जीरियन मनुष्याचा असल्याचे दाखवून दिले, आणि सुमारे दोन आठवडे अटकेत राहिलेला वकील सुटला. ठसे खरोखरीच पुष्कळसे सारखे होते. चूक साम्य पाहण्यात जितकी झाली, तितकीच साम्याला 'च' जोडण्यात झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने इ. स. २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे स्पष्ट म्हटले की, पेशीकेंद्रातील डीएनएचे परीक्षण वगळता, एखादी खूण विशिष्ट व्यक्तीशी उच्च निश्चितीने व सातत्याने जोडता येते असे कोणत्याही न्यायसहायक पद्धतीने काटेकोरपणे सिद्ध केलेले नाही. त्यानंतर त्या देशाच्या न्याय विभागाने तज्ज्ञांनी साक्षीत कोणते शब्द वापरावेत व कोणते वापरू नयेत याचे लेखी नियम केले. शास्त्राने आपली सुधारणा शब्दप्रयोगापासून आरंभावी, हे भाषाभ्यासकाने ध्यानात घेण्यासारखे आहे.

डीएनएचा अपवाद केला गेला याचे कारण असे की, त्या पद्धतीत 'च'च्या जागी संख्या ठेवली जाते. परंतु संख्येलाही वाक्यात बसावे लागते, आणि तेथे 'जर-तर'चा घोटाळा होतो. 'जर डाग आरोपीचा नसेल, तर तो योगायोगाने जुळण्याचा संभव दहा लाखांत एक' हे तज्ज्ञाचे वाक्य. 'जर डाग जुळला आहे, तर तो आरोपीचा नसण्याचा संभव दहा लाखांत एक' हे त्याचे विपर्यस्त रूप. दोन्ही वाक्यांत शब्द तेच, संख्या तीच. केवळ अटीची आणि फलाची अदलाबदल झालेली आहे. एक कोटी वीस लाख वस्तीच्या नगरात दहा लाखांत एक या हिशेबाने सुमारे बारा माणसे त्या डागाशी जुळतील. दुसरा काहीच पुरावा नसेल, तर आरोपी त्या बारांतील एक, इतकेच म्हणता येईल. प्रत्येक मनुष्य अग्निमान् पर्वतावर धूर पाहील, म्हणून प्रत्येक धुराखाली तोच पर्वत असतो असे नाही.

६

येथवर वस्तूविषयीच्या वाक्यांचा विचार झाला. परंतु कधी कधी वाक्य हीच वस्तू असते. जबानी हेच घटनास्थळ आणि शब्द हेच ठसे असतात. स्वीडनमधील भाषाशास्त्रज्ञ यान स्वार्त्विक याने इ. स. १९६८ मध्ये टिमोथी एव्हान्स याच्या जबान्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले आणि न्यायसहायक भाषाविज्ञान हे नाव रूढ केले. एव्हान्सला पोलिसांपुढील कबुलीच्या बळावर इ. स. १९५० मध्ये फाशी झाली होती. त्याच घरात राहणारा दुसरा मनुष्य अनेक खुनांचा कर्ता असल्याचे पुढे उघडकीस आले, आणि इ. स. १९६६ मध्ये एव्हान्सला मरणोत्तर क्षमा देण्यात आली. जबानीतील दोषारोपक परिच्छेदांची वाक्यरचना उरलेल्या भागांहून भिन्न आहे, असे स्वार्त्विकला आढळले.

डेरेक बेंटली याचे प्रकरण याहूनही उद्बोधक आहे. क्रॉयडन येथे एका पोलिसाचा खून झाला. गोळी झाडणारा सोळा वर्षांचा असल्याने फाशीतून वाचला, आणि त्याचा एकोणीस वर्षांचा साथीदार बेंटली २८ जानेवारी १९५३ रोजी फासावर गेला. त्याची जबानी त्याने आपण होऊन, प्रश्न न विचारता, सलग सांगितली आणि ती शब्दशः उतरवून घेतली, असे पोलिसांनी शपथेवर सांगितले होते. माल्कम कुल्थर्ड याने दाखविले की, त्या ५८२ शब्दांच्या जबानीत 'नंतर' या अर्थाचा शब्द दहा वेळा येतो, आणि बहुधा कर्त्याच्या मागाहून येतो : सामान्य वक्ता जेथे 'नंतर मी' म्हणेल तेथे 'मी नंतर'. ही रचना पोलिसी लेखनाची आहे, बोलण्याची नव्हे. शिवाय त्यातील काही नकारवाक्यांना न विचारलेल्या प्रश्नांवाचून अर्थच लागत नाही. इ. स. १९९८ मध्ये बेंटलीची शिक्षा रद्द झाली. ती मुख्यतः मूळ न्यायाधीशाने ज्यूरीला केलेल्या निवेदनातील दोषांमुळे रद्द झाली, हेही सांगितले पाहिजे. भाषाविश्लेषणाचे श्रेय वाढवून सांगणे हा त्याच रोगाचा प्रकार होईल.

मराठी वाचकाला या प्रकारात अपरिचित असे काही नाही. आयुष्यात 'इसम' हा शब्द न उच्चारलेल्या शेतकऱ्याच्या तोंडी 'सदर इसमाने मला शिवीगाळ केली' असे वाक्य जबानीत घातलेले असते. यात लबाडीच असते असे नव्हे. लिहिणाऱ्याची ती सवय असते. पोलिसांपुढील कबुली शाबीत करता येत नाही, पोलिसांनी नोंदविलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही, हे आपल्या कायद्यातील निर्बंध हा अविश्वास ओळखूनच घातलेले आहेत. परंतु भाषाभ्यासकाने येथे स्वतःच्या मर्यादाही विसरता कामा नये. शैली हे लिंग आहे, साक्षी नव्हे. तिचीही व्याप्ती पारखावी लागते. 'ही रचना पोलिसी लेखनाशी जुळते' एवढे त्याने म्हणावे. 'हे अमुक अधिकाऱ्यानेच रचले' हा 'च' त्याच्याही अधिकाराबाहेरचा आहे.

७

सारांश, 'दिसते', 'जुळते' आणि 'ठरते' ही तीन क्रियापदे तीन निरनिराळ्या अधिकाऱ्यांची आहेत. पंचनाम्याने कृदन्तातून निष्कर्ष काढू नये. तज्ज्ञाने साम्याला 'च' जोडू नये व 'जर-तर' उलटू देऊ नये. न्यायनिर्णयाने खुणेवरून स्पर्श आणि स्पर्शावरून गुन्हा हे दोन टप्पे एका दमात ओलांडू नयेत.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे अथवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे व तेथील प्रक्रियेचे चित्रीकरण व्हावे अशी तरतूद केली आहे. ती लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिलेली आहे. झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रणही तिने सांगितले आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. तथापि चित्रीकरणाने पंचनाम्याचे वाक्य अनावश्यक होईल, असे मानणे चुकीचे ठरेल. चित्रफितीत लाल डाग दिसेल. तो रक्तासारखा आहे की रक्ताचा आहे, हे चित्रफीत सांगणार नाही. कॅमेरा कोठून फिरला, कोठे थांबला आणि कोणत्या कोपऱ्याकडे वळलाच नाही, याविषयीही कोणास तरी न्यायालयात सांगावेच लागेल.

पोलीस प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात वस्तू कशी उचलावी, कशात बांधावी, लाखेची मोहोर कोठे करावी हे शिकविले जाते. उचललेल्या वस्तूविषयी वाक्य कसे लिहावे, कोणते विशेषण नामाआधी ठेवू नये, कोणते विधान विधेयातच असावे, या गोष्टींना तितक्याच काटेकोर शिक्षणाची गरज आहे, आणि त्या कामी विद्यापीठांतील मराठी व भाषाविज्ञान विभागांना निश्चित कार्य आहे. ते कार्य शैलीसुधारणेचे नव्हे. पंचनामा सुंदर होण्याची आवश्यकता नाही. त्यातील 'सारखे' हे अव्यय जेथे असावयास हवे तेथे असले, तर एखाद्या मनुष्याचे स्वातंत्र्य, कदाचित त्याचे प्राणही, त्या तीन अक्षरांवर टिकून राहू शकतात.